पेट-नॅट: बाटली नेमकी कधी भरायची?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या शेनिन ब्लां या पांढऱ्या द्राक्षाची पेट-नॅट, म्हणजे बाटलीतच आंबणं पुरं होऊन फेसाळणारी वाईन केली; काही बाटल्या उघडताच फेसाने अर्ध्या रिकाम्या झाल्या, काहींत बुडबुडाच नाही. दोन्हीच्या मुळाशी बहुधा एकच गोष्ट आहे, बाटली भरताना उरलेली साखर.

पद्धत जुनी आहे. दक्षिण फ्रान्समधल्या लिमूला ती अजून चालते: आंबणं पुरं व्हायच्या आत बाटलीबंद करायचं, बाहेरची साखर घालायची नाही. शेनिनच्या माहेरी, ल्वार खोऱ्यात, नव्या वाईनमेकर मंडळींनी ती पुन्हा उचलली. आज तिला थंड टाक्यांची आणि मोजमापाची जोड देता येते, आणि ती द्यायलाच हवी.

ढोबळ हिशोब: लिटरमागे 4 ग्रॅम साखर आंबली की सुमारे 1 बार दाब. पेट-नॅटला अडीच-तीन बार पुरे, म्हणजे भरताना लिटरला 10 ते 12 ग्रॅम साखर हवी. 20 राहिली तर साधी बाटली फुटते आणि माणूस जखमी होतो. शॅम्पेनसाठीची जाड बाटलीच घ्या. क्राऊन कॅप (सोडा-बिअरच्या बाटलीसारखं पत्र्याचं झाकण) 26 मिमी की 29, हे बाटलीच्या तोंडावर ठरतं. चुकीची बसवली की गॅस निसटतो. बुडबुडा नसण्याचं हेही एक कारण.

साखर मोजण्यात बहुतेकांची फसगत होते. अल्कोहोल तयार झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटरचा (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून साखर मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा धरू नका, अल्कोहोलमुळे तो चुकतो. हायड्रोमीटर (पाण्याच्या 1 च्या तुलनेत द्रवाची घनता दाखवणारी तरंगती नळी) वापरा, पण नमुना हलवून गॅस काढा आणि 20 अंशांवर आणा. तरी वाईन कुठवर उतरणार हे कळत नाहीच. त्यासाठी टाकीतून एक लिटर आधीच काढून, थोडं जोमदार यीस्ट घालून 25 अंशांवर पूर्ण आंबू द्या. तो नमुना समजा 0.993 घनतेवर थांबला, तर टाकी 0.998 ते 0.999 वर आली की भरायची. ही वेळ काही तासांचीच असते, म्हणून थोडं आधीच तापमान 5-6 अंशांवर आणा. लॅबमध्ये ग्लुकोज-फ्रुक्टोज तपासणी होत असेल तर उत्तमच.

उसळण्याचं दुसरं कारण गाळ आणि टार्टारचे (द्राक्षातल्या आम्लाच्या क्षाराचे) खडे. त्यांच्यावरच बुडबुडे धरतात. भरण्याआधी काही दिवस 0 ते 2 अंशांवर ठेवून निवळ वरून काढा. यीस्ट पूर्ण काढू नका, आणि भरल्यावर बाटल्या 16-18 अंशांवर ठेवा, नाहीतर आंबणं अडतं.

वेळ साधत नसेल तर वाईन पूर्ण कोरडी (साखर संपेपर्यंत आंबलेली) होऊ द्या आणि त्याच द्राक्षाचा गोठवून ठेवलेला रस घाला. रसात लिटरला 190 ग्रॅम साखर असेल तर 94 लिटर वाईनला 6 लिटर रस. जुन्या मताचे लोक याला खरी पेट-नॅट मानत नाहीत. मला ही वाट पटते. साखर त्याच वेलीची आहे आणि बाटल्या एकसारख्या निघतात.

सडक्या अंड्याचा वास मात्र भरण्याआधीच तपासा. रसात नायट्रोजन कमी पडलं की तो येतो, आणि बाटलीत गेला की काढता येत नाही. यीस्टचं पोषण आंबण्याच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यातच द्या.

दर लॉटमधल्या (एकदम भरलेल्या बाटल्यांमधल्या) एका बाटलीला दाबमापक लावा. 3.5 बारच्या वर काटा जाऊ लागला, तर सगळा लॉट लगेच थंड करा, जाड हातमोजे आणि चेहऱ्यावर ढाल घालूनच हात लावा.