त्याला निवडलं कुणी?

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे, २०११ पासून कॅनडात, मिसिसॉगाला. मुलगा १९ वर्षांचा आहे. बारावीला ९६ टक्के होते, त्यामुळे कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला सहज प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षी सरासरी ५४ वर आली. आता दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरला दोन विषय गेले आणि प्रोबेशनचं, म्हणजे सुधारला नाही तर बाहेर, असं बजावणारं पत्र आलं. बास्केटबॉलचं वेड आहे, तेवढ्या एकाच विषयावर बोलतो. परवा जेवताना आमच्या शेजारच्या ब्रॅम्प्टनच्या अँथनी बेनेटचा, एनबीएत खेळलेल्या बास्केटबॉलपटूचा, विषय निघाला. मी म्हटलं, पहिल्या नंबरवर घेतलेला पोरगा खेळतच नसेल तर त्यानं संघात जागा अडवू नये, काढला ते बरंच केलं. (त्यावर तो ताटावरून उठून गेला.) त्याला तिथून काढून पुण्यात खासगी कॉलेजात घालावं, की फी बंद करून दोन वर्षं नोकरी करायला लावावी? स्पष्ट सांगा.
– एक वडील

नमस्कार.

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे, वर त्याचा गाभा तेवढा दिलाय. त्या चार पानांत मुलाचे मार्क अकरा वेळा आलेत (मी मोजले), पुतण्याचं पॅकेज दोनदा आलंय, आणि मुलगा ताटावरून उठला हे एकदाच, तेही कंसात. मी त्या कंसातच अडकले. अर्धा वरणभात तसाच टाकून एकोणीस वर्षांचा मुलगा उठतो तो काही बेनेटच्या अपमानामुळे उठत नाही. तुम्ही बेनेटबद्दल बोलत होतात आणि तो स्वतःबद्दल ऐकत होता. आणि खरं सांगा, तुम्ही तरी बेनेटबद्दल बोलत होतात का?

बरं, विषय तुम्ही काढलाच आहे तर तो नीट काढू. कॉलेजात असताना मी बास्केटबॉल खेळलेय, नागपाड्याच्या मुलींकडून सडकून हरलेय, त्यामुळे हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग; तिथले संघ दरवर्षी पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात, तो ड्राफ्ट. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये क्लीव्हलँड कॅव्हेलिअर्स या संघानं बेनेटला सगळ्यांत आधी उचललं. कॅनडात जन्मलेला खेळाडू पहिल्या नंबरवर जाण्याची ती पहिलीच वेळ. पुढचं तुम्हाला पाठ असेल : पहिल्या चार सामन्यांत मैदानातून एकही बास्केट नाही, अख्ख्या मोसमात ५२ सामने आणि सरासरी ४.२ गुण. ‘याला संघात ठेवायचं कशाला’ हा वाद तिथंच सुरू झाला. पण त्याच वर्षातल्या बाकीच्या गोष्टी बघा. ड्राफ्टच्या आधी, मे महिन्यात, त्याच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली होती. उन्हाळाभर खेळता आलं नाही, वजन वाढलं. दमा होताच. शिवाय झोपेत श्वास अडकायचा, स्लीप ॲप्निया. पुढच्या उन्हाळ्यात टॉन्सिल्स काढून टाकले, तेव्हा कुठे त्यावर इलाज झाला. लोक ज्याला सुस्त, जाड, पैसे खाऊन बसलेला म्हणत होते तो वर्षभर रात्री धड झोपलेलाच नव्हता. आता तुमची चार पानं पुन्हा चाळा. मुलगा झोपतो का, किती वाजता झोपतो, जेवतो का, हॉस्टेलवर कुणाशी बोलतो का, यावर एक ओळ नाही. ९६ वरून ५४ वर आलेल्या मुलाला मी आधी डॉक्टरांकडे पाठवते, कॉलेज बदलायचा विचार त्यानंतर.

आणखी एक. बेनेट ज्या जागेवर खेळायचा तिथं क्लीव्हलँडकडे आधीच ट्रिस्टन थॉम्पसन होता, २०११ ला चौथ्या नंबरवर घेतलेला. तोही ब्रॅम्प्टनचाच! म्हणजे एकाच गावचे दोघं, एकाच जागेसाठी. मग याला घेतलं कशासाठी? हा प्रश्न मालकालाही पडला असावा, कारण त्याला निवडणारे जनरल मॅनेजर ख्रिस ग्रँट यांना २०१४ च्या फेब्रुवारीतच नारळ मिळाला. बेनेट गेला ऑगस्टमध्ये. आधी निवडणारा घरी गेला, निवडलेला सहा महिन्यांनी.

तुमच्या घरी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग कुणी निवडलं? दुसऱ्या पानावर तुम्हीच लिहिलंय, ‘त्याला तेव्हा फिजिओथेरपी की काय ते करायचं होतं, आम्ही समजावलं.’ हा ‘समजावलं’ मी गेली बावीस वर्षं ऐकतेय. मूल गप्प बसलं की पालकांच्या लेखी ते समजलेलं असतं. ड्राफ्ट तुम्ही केलात आणि संघाबाहेर मात्र त्यानं जायचं. तुमच्या घरचे जनरल मॅनेजर अजून खुर्चीत आहेत आणि मला पत्र लिहून पोराला काढू का विचारताहेत.

तुमचा एक मोठा गैरसमज आधी दूर करायला हवा. ‘पहिला नंबर म्हणजे पहिला नंबर, मग तसा खेळून दाखव,’ असं तुम्ही म्हणता. ड्राफ्टमधला पहिला नंबर हा खेळाडूचा मार्क नसतो, ती संघाची पाळी असते. आदल्या मोसमात जे संघ मागे पडले त्यांची सोडत निघते, चेंडू फिरवून, आणि जिंकेल तो आधी बोट ठेवतो. क्लीव्हलँडनं ही सोडत २०११, २०१३ आणि २०१४ अशी तीनदा जिंकली. २०१३ ला बोट चुकलं, एवढंच. याच ड्राफ्टमध्ये यानिस अँटेटोकुन्म्पो पंधराव्या नंबरवर मिल्वॉकीकडे गेला आणि रूडी गोबेअर सत्ताविसाव्यावर. यानिसची पहिल्या वर्षीची सरासरी ६.८ गुण होती. पंधराव्याकडून कुणाची अपेक्षा नव्हती, म्हणून त्याला कुणी दरडावलं नाही. २०१९ आणि २०२० ला तो लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. तुमच्या मुलाचे ९६ टक्केही तसेच आहेत : सतरा वर्षांच्या मुलाबद्दल केलेला अंदाज. त्या ९६ चं कर्ज त्याच्या डोक्यावर आहे असं समजून तुम्ही वसुलीला बसलात.

संघाची बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसत्याच हळव्या आहेत. एनबीएत नेहमीचे करार पंधराच करता येतात. सोळावा आला की कुणाला तरी जावं लागतं, त्यामुळे ‘हा जागेला लायक आहे का’ हा वाद तिथं रास्तच आहे. पण त्या रोखठोक धंद्यातही पहिल्या फेरीतल्या पोराला दोन मोसमांचे पैसे लेखी मिळतात, मग तो चेंडू टाको न टाको. तुम्ही तीन सेमिस्टरमध्ये निकाल लावायला निघालात. आणि बेनेटला क्लीव्हलँडनं हाकललंही नव्हतं. मिनेसोटा संघाचा केव्हिन लव्ह हवा होता म्हणून त्याला आणि २०१४ ला पहिल्या नंबरवर घेतलेल्या अँड्र्यू विगिन्सला मिनेसोटाकडे देऊन टाकलं. मिनेसोटानंतर टोरोंटो, मग ब्रुकलिन. २०१७ च्या जानेवारीत ब्रुकलिननं सोडलं, ते माझ्या मते बरोबर होतं. चार संघ, १५१ सामने, पुरेशी संधी झाली. तो विगिन्स मात्र, ज्याला मिनेसोटात वर्षानुवर्षं ‘पहिल्या नंबरला शोभत नाही’ म्हणून ऐकवलं, त्याला गोल्डन स्टेट संघात स्टीफन करीसारख्या स्टार खेळाडूच्या बाजूला वेगळं काम मिळालं आणि २०२२ ला तो विजेत्या संघात होता.

तेव्हा तुमच्या मुलाला इंजिनिअरिंग सोडावं लागेल का? लागू शकेल. मला त्यात काही भयंकर वाटत नाही. शाखा बदलणं, कमी विषय घेणं, एक सेमिस्टर थांबणं, कॉलेजच्या डिप्लोमाकडे वळणं, हे सगळे रस्ते ओंटारिओत आहेत आणि त्यासाठी विद्यापीठात ॲकॅडमिक ॲडव्हायझर बसलेले असतात. तिथं तो एकटा जाईल. तुम्ही गाडीत बसून वाट बघायची नाही, पार्किंगमध्येसुद्धा नाही.

पुण्याचं विसरा. गणपतीत तीन आठवडे येऊन मोदक खाणं वेगळं आणि ज्या गावात एक मित्र नाही तिथं नापासाचा शिक्का घेऊन चार वर्षं काढणं वेगळं. फी बंद करायची धमकीही नको. तुमच्या मनात ती शिस्त असेल, त्याला मात्र ती संघाबाहेर काढल्याची चिठ्ठी वाटेल.

आणि ते पासवर्डचं. तिसऱ्या पानावर तुम्ही अगदी सहज लिहिलंय की त्याच्या पोर्टलचा पासवर्ड तुमच्याकडे आहे आणि रोज रात्री तुम्ही मार्क बघता. तो सज्ञान आहे. तुम्ही विद्यापीठाला फोन केलात तर त्याच्या परवानगीशिवाय ते तुम्हाला काही सांगणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. उद्या सकाळी त्याला सांगा की पासवर्ड बदल. ‘माझ्याकडे होता, चुकलं,’ एवढं म्हणा. पुढे लगेच मार्कांचा विषय काढू नका.

फॅमिली डॉक्टरांची वेळ घ्या, पण झोपेबद्दल त्यालाच बोलू द्या. फिजिओथेरपीचं त्याच्या मनात अजून आहे का, हे मला त्याच्याकडून कळायला हवं. वेड बास्केटबॉलचं, शिकायची होती फिजिओथेरपी, मला तरी त्यात एक सूत दिसतं, पण तुमच्या पत्रावरून मी त्याचं करिअर ठरवणार नाही. निवडणारी आणखी एक व्यक्ती त्याला आता नको.

त्याला लिहावंसं वाटलं तर माझा पत्ता द्या. इंग्रजीत लिहिलं तरी चालेल, आणि बेनेटला आणखी एक वर्ष का द्यायला हवं होतं यावर दोन पानं लिहिली तरी मी वाचेन.