ऑरोरा ऐन ध्रुवावर का दिसत नाही?

सूर्याचे कण ध्रुवाकडे ओढले जात असतील, तर ऑरोरा, म्हणजे आकाशातला ध्रुवीय प्रकाश, पाहायला लोक नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला का जातात, थेट उत्तर ध्रुवावर का नाही, असं तुम्ही विचारलंय. प्रश्न अगदी नेमका आहे. 'कण ध्रुवाकडे ओढले जातात' हे आपण शाळेपासून ऐकतो, पण ते अर्धवट आहे.

सौरवारा, म्हणजे सूर्याकडून सतत येणारा विद्युतभारित कणांचा झोत, सेकंदाला साधारण 400 किलोमीटर वेगाने येतो. ओढ्यातल्या दगडाला पाणी वळसा घालतं, तसे त्यातले बहुतेक कण पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला वळसा घालून निघून जातात. या माऱ्याने क्षेत्र सूर्याच्या बाजूला दबतं आणि रात्रीच्या बाजूला त्याचं शेपूट चंद्राच्याही पलीकडे लांबतं. ऑरोराची खरी तयारी या शेपटात होते.

सौरवाऱ्यासोबत सूर्याचं चुंबकक्षेत्रही येतं. ते दक्षिणमुखी असलं की पृथ्वीच्या क्षेत्ररेषा त्याच्याशी जोडल्या जातात आणि मागे ओढल्या जातात. शेपटात ताण साठत जातो, मग तिथल्या रेषा तुटून नव्याने जुळतात आणि ताणलेलं रबर सुटावं तशा पृथ्वीकडे येतात. त्यांच्यासोबत इलेक्ट्रॉन येतात. या रेषा जमिनीकडे उतरतात त्या चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या कड्यात, साधारण 65 ते 70 चुंबकीय अक्षांशांवर (हे चुंबकीय ध्रुव 90 धरून मोजतात). ट्रॉम्सो बरोबर त्या कड्याखाली आहे.

तिथे एका मार्चमध्ये गोठलेल्या तळ्याकाठी उभा होतो. हिरवा पडदा अचानक हलला आणि त्याच्या खालच्या काठावर गुलाबी रेघ सरसर धावत गेली. हिरवा रंग ऑक्सिजनचा, ती किनार नायट्रोजनची. लाल रंगही ऑक्सिजनचाच, पण तो प्रकाश सोडायला अणूला दीड-दोन मिनिटं लागतात. खालच्या दाट हवेत त्याआधीच टक्कर होते, म्हणून लाल रंग 200 किलोमीटरच्या वरच टिकतो.

कण थेट घुसतात अशीही एक जागा आहे बरं का. दिवसाच्या बाजूला क्षेत्रात फनेलसारखी फट असते. डिसेंबरात नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर भर दुपारी अंधार असतो, तेव्हा या फटीखालचा लालसर ऑरोरा तिथे दिसतो.

मोठ्या चुंबकीय वादळात कडं फुगून विषुववृत्ताकडे सरकतं. मे 2024 मध्ये लडाखमधल्या हानलेतून क्षितिजाजवळ लाल उजेड टिपला गेला, तो अशाच वादळात.

तुम्ही जाल तेव्हा ऑरोराच्या ॲपमध्ये केपी आकड्यासोबत (तो चुंबकीय खळबळ किती ते सांगतो) 'बीझेड' जरूर पाहा; सौरवाऱ्यासोबतचं चुंबकक्षेत्र दक्षिणमुखी असलं की बीझेड उणे असतो. तो बराच वेळ उणे राहिला, तर हॉटेलात बसू नका.