मस्कीचं रीळ घेताना रेशो नंतर, आधी टेप काढा

तुम्ही विचारलंय की मिनेसोटात आल्यावर पहिल्याच हंगामात मस्की या मोठ्या शिकारी माशासाठी ८.१:१ रेशोचं रीळ घेतलं, त्याला दहा नंबरी जोडपात्यांचं बकटेल (गरगरणाऱ्या पात्यांचं, केसाळ झुपक्याचं आमिष) लावलं आणि दुपारपर्यंत मनगटापासून खांद्यापर्यंत सगळं भरून आलं. आता ५.३ चं घ्यावं का, आणि कुठल्या लुअरला (नकली आमिषाला) कुठला रेशो?

घ्या, पण दुकानात जाण्याआधी एक काम करा. लाइनचं (गळाच्या दोऱ्याचं) टोक घरातल्या फरशीवर सरळ ताणून ठेवा, टोकापाशी खडूने खूण करा, हँडलचा बरोबर एक फेरा मारा आणि टोक किती सरकलं ते टेपने मोजा. पाण्यात लुअर किती वेगाने पळणार, हे त्या आकड्यावर ठरतं. डब्यावरचा रेशो एवढंच सांगतो की हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळायचं चाक, किती वेळा फिरतं. स्पूल केवढं आहे हे त्यात कुठेच येत नाही.

मी येवल्याचा, त्यामुळे मला हे आसारीवरून, म्हणजे पतंगाच्या फिरकीवरून कळलं. संक्रांतीला मांजा भरून गुंडाळलेली आसारी एका गिरकीत केवढा तरी धागा ओढते. तीच रिकामी होत आली की पतंग उतरवताना हात दुखून येतात, धागा मात्र हलल्यासारखा वाटत नाही. रिळाचंही तसंच. लाइनसकट स्पूलचा व्यास दीड इंच असेल तर ५.३ च्या रिळात फेऱ्याला साधारण २५ इंच लाइन येते, ७.१ मध्ये ३३. लांब फेकीनंतर तोच व्यास सव्वा इंच उरला, तर ७.१ वालंही २८ वर येतं. उलट दोन इंची स्पूलचं मोठं रीळ ४.६ रेशोवरही २९ इंच ओढतं. म्हणून कोणी ‘बकटेलला ५ च्या आसपासचंच घ्या’ असं छातीठोक सांगितलं, तर आधी विचारा, रीळ केवढं?

आता हाताचं. फेऱ्याला जितके इंच जास्त, तितका हँडलवर जोर जास्त. २५ वरून ३३ वर गेलात की त्याच ओढीला सुमारे एक तृतीयांश ज्यादा ताकद लागते. मोठ्या स्पूलचं कमी रेशोचं आणि छोट्या स्पूलचं जास्त रेशोचं रीळ सारखेच इंच ओढत असतील आणि हँडल सारखंच लांब असेल, तर हाताला जोरही जवळपास सारखाच लागतो. मोठ्या रिळात सुख वाटतं ते लांब हँडल आणि दणकट गिअरमुळे.

‘वेगवान रीळ हळू फिरवा की’ असंही ऐकाल. कमी ओढीच्या लुअरला ते जमतं. पण दहा नंबरी पाती पाणी कापत येत असतात तेव्हा हळू फिरवणं म्हणजे दळणाचं जड जातं ओढून ओढून फिरवणं, फेरा तुटक होतो. शिवाय हाताला स्वतःची लय असते. पंधरा मिनिटांत तुम्ही नकळत त्या लयीवर येता आणि बकटेल पाण्यावर फरफटायला लागतं.

म्हणून मोठ्या बकटेलला आणि खोल जाणाऱ्या रुंद ओठाच्या क्रँकबेटला (माशाच्या आकाराच्या लुअरला) मी फेऱ्याला २४ ते २८ इंच ओढणारं रीळ वापरतो. शेपटी गरगरणाऱ्या टॉपवॉटरलाही (पाण्यावर तरंगत येणाऱ्या लुअरला) तेच. तिथे वेगापेक्षा ‘खळ खळ’ एका ठेक्यात येणं महत्त्वाचं. छोटी आठ नंबरी पाती उन्हाळ्यात पळवायची असतील तर मात्र ३० च्या वर जा. ट्रोलिंगला (चालत्या बोटीमागे लुअर ओढायला) रेशोची चिंताच नको, वेग बोट देते.

झटक्यांवर चालणाऱ्या ग्लाइड बेट, जर्क बेट आणि मोठ्या रबरी लुअरचं गणितच उलटं. लुअर हलवतो रॉड. रिळाचं काम फक्त झटक्यानंतर सैल पडलेली लाइन गोळा करण्याचं, आणि तेव्हा लाइनवर ओढ जवळजवळ नसतेच. इथे ३३ च्या वर जितकं मिळेल तितकं बरं. तुमच्या दुखऱ्या रिळाची खरी जागा हीच, विकू नका. ग्लाइड बेटला झटक्यानंतर थोडी ढील मात्र राहू द्या. सगळी लाइन खेचून घेतलीत तर ते बाजूला वळायचंच विसरतं.

मी स्वतः हे शिकलो ते एक मासा घालवून. ऑक्टोबर, मिल लॅक्स तलाव, बोटं गारठलेली, आणि आळसाने मी बकटेलच्याच हळू रिळावर रबर लावलं होतं. तिसऱ्या झटक्यानंतर लाइन अचानक हलकी झाली. मला वाटलं लुअर तुटलं. मासा ते तोंडात धरून थेट बोटीकडे येत होता. मी वेड्यासारखं हँडल फिरवत राहिलो, पण ढील काही संपेना. बोटीजवळ पिवळट पोट एकदा उलटं झालेलं दिसलं, डोकं झटकलं, आणि रबर माझ्याकडे तरंगत आलं. गळ रुतलाच नव्हता. माझा मेहुणा जाळी धरून उभा होता, तो अजून दर दिवाळीला विचारतो, ‘दाजी, जाळी धुऊन ठेवू का?’

एकच रीळ परवडत असेल तर २९-३० इंचांवर थांबा. दीड इंची स्पूलला तो ६.३ च्या आसपासचा रेशो होतो. कशालाच उत्तम नाही, पण कशाला अडतही नाही.

बकटेलसाठी दुसरं घ्याल तेव्हा लांब हँडल आणि हाताच्या मुठीत भरेल अशी मूठ बघा, त्याने खांदा वाचतो. आणि स्पूल काठोकाठ भरा. आधी थोडी मोनो (एकेरी नायलॉन लाइन), वर ८० पौंडी ब्रेड (विणलेली लाइन). नुसती ब्रेड गुळगुळीत स्पूलवर घसरते आणि मासा ओढायला लागला की अख्खं भेंडोळं जागच्या जागी फिरतं. भरून झाल्यावर परत फरशीवर एक फेरा मोजा, आकडा रिळाच्या पायावर चिकटपट्टीवर लिहून ठेवा. माझ्या तिन्ही रिळांवर आहे.