हायड्रोजन घरी बनवणं परवडेल का?

प्रश्न : घरावर ३ किलोवॉटचं सोलर आहे. दुपारची बरीच वीज उरते. तिच्यावर हायड्रोजन बनवून रिकाम्या गॅस सिलिंडरमध्ये साठवला, तर स्वयंपाकाला चालेल का? (वाचक, सांगली)

उत्तर : एलपीजीच्या सिलिंडरमध्ये हायड्रोजन कधीही भरू नका. ती टाकी आणि तिचा व्हॉल्व्ह या वायूसाठी नाहीत. आणि भरूनही पदरात काही पडत नाही. एलपीजी दाबाखाली द्रव होतो म्हणून त्या टाकीत १४.२ किलो मावतो. हायड्रोजन वायूच राहतो. सिलिंडरच्या नेहमीच्या दाबाला जेमतेम २० ग्रॅम बसेल. तेवढ्यात चार लिटर पाण्याला उकळी येईल, बस.

आता विजेचा हिशेब. तुमच्या पॅनेलमधून स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण १२ युनिट मिळतात. विजेने पाणी फोडून एक किलो हायड्रोजन बनवून दाबून भरायला ६०च्या आसपास युनिट लागतात, म्हणजे सगळी वीज ओतली तरी २०० ग्रॅम. बर्नरवर त्यातली चार युनिट उष्णता भांड्यात उतरते. तीच १२ युनिट इंडक्शनला दिली तर दहा! रात्रीसाठी हवी असेल तर लिथियम बॅटरी ८५-९० टक्के परत देते. नेट मीटरिंग (उरलेली वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करणं) असेल तर बॅटरीही नको.

शिवाय धोका. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला की तो पेटतो. एलपीजीची मर्यादा साधारण २ ते साडेनऊ टक्के. हायड्रोजनला वास नाही, ज्योत दिवसा दिसत नाही. साध्या शेगडीत ती उलटी मिक्सिंग ट्यूबमध्ये (गॅस आणि हवा मिसळते त्या नळीत) शिरते, कारण हायड्रोजन एलपीजीपेक्षा कितीतरी वेगाने जळतो. गळती झाली तर तो वर जाऊन स्लॅबखाली साठतो, त्यामुळे खाली बसणाऱ्या एलपीजीसाठी ठेवलेली जमिनीलगतची जाळी इथे उपयोगाची नाही. प्रयोगासाठी पाण्यात मीठ तर मुळीच टाकू नका, क्लोरीन सुटतो.

प्रश्न : गाडीला ‘एचएचओ किट’ लावलं की पेट्रोल वाचतं, असं गॅरेजवाला सांगतो. खरं आहे का? (वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. हे किट गाडीच्या विजेने पाणी फोडून निघालेला हायड्रोजन आणि ऑक्सिजन इंजिनात सोडतं. समजा ते २० अँपिअर ओढतं आणि त्यात पाणी फोडणारे सहा सेल एकापुढे एक जोडलेले आहेत. तासाला साडेचार ग्रॅम हायड्रोजन निघेल, म्हणजे सुमारे १५० वॉट. तासाला तीन लिटर पेट्रोल पिणारं इंजिन २६ किलोवॉटपेक्षा जास्त ऊर्जा जाळत असतं. त्यापुढे हे अर्धा टक्का! आणि किटला लागणारी २८० वॉट वीज अल्टरनेटर (इंजिनावर फिरणारा जनरेटर) देतो; ती काढायला इंजिनला जवळपास दोन किलोवॉटचं जादा पेट्रोल जाळावं लागतं. किटच्या पाण्यातल्या कॉस्टिक पोटॅशचा (तीव्र अल्कलीचा) तुषार इंजिनच्या हवेच्या मार्गात गेला, तर अॅल्युमिनियमचे भाग खातो. लावलं असेल तर काढून टाका.

प्रश्न : मग सरकार हायड्रोजनवर एवढा खर्च का करतं? (वाचक, पुणे)

उत्तर : खत कारखाने आणि रिफायनऱ्या आजही टनावारी हायड्रोजन वापरतात, पण तो बहुतेक नैसर्गिक वायूपासून येतो. तो स्वच्छ विजेपासून मिळावा, हा २०२३च्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचा गाभा. लक्ष्य २०३०पर्यंत वर्षाला ५० लाख टन. जड वाहनांत तो आजमावला जातोय. फ्युएल सेलवरची (हायड्रोजनपासून वीज बनवून चालणारी) देशी बस ऑगस्ट २०२२मध्ये पुण्यातच दाखवली गेली. अशा बसच्या टाक्या बहुधा छतावर बसवतात, म्हणजे गळती झालीच तर वायू मोकळ्या हवेत वर निघून जातो.