तरुण घोडी गेटाबाहेर पडली की बुजते, तिला धीट कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की सारंगखेड्याच्या यात्रेतून चार वर्षांची मारवाडी घोडी आणली. आवारात ती शहाण्यासारखी वागते, खरारा करू देते, खोगीर घालू देते. पण गेटाबाहेर पडली की प्लास्टिकची पिशवी, ठिबकची नळी, कुत्रं, काहीही दिसलं तरी बुजते. आणि शिकवायला येणारा माणूस म्हणतो, काटेरी लगाम घाला आणि दोन फटके द्या, सरळ होईल.

काटेरी लगाम, म्हणजे तोंडात टोचणारे काटे असलेलं लोखंड, घालू नका. बुजलेल्या क्षणी तिचं तोंड ओढलं गेलं की तिच्या डोक्यात पिशवी आणि वेदना एकत्र बसतात. पुढच्या वेळी ती पिशवी लांबूनच ओळखते आणि आधीच उसळते. मधे सांधा असलेला साधा, गुळगुळीत लगाम तिला पुरेल.

मी इंदापूरकडचा. घरी घोडे आहेत आणि तरुण जनावरं रपेटीला काढून तयार करण्याइतकं दुसरं कुठलंच काम मला आवडत नाही. तुमची घोडी वाईट नाही, तिनं रान बघितलेलंच नाही, असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या त्या बाजारात घोडा पारखतात तो उंची, कान, रंग, पायाची ठेवण आणि रेवाल चाल, म्हणजे स्वाराला धक्के न देणारी भरभर चाल, बघून. त्यासाठी तयार केलेली बरीच जनावरं लहानपणापासून दावणीला असतात, बाहेर निघतात ती चाल दाखवण्यापुरती. तुम्ही विचारलंय, एवढ्या गर्दीत उभी राहिलेली घोडी एका पिशवीला का भिते? कारण तिथं चारही बाजूंना घोडे होते. कळपात राहणाऱ्या जनावराचा धीर शेजारच्यावर अवलंबून असतो. तुमच्या बांधावर ती एकटी आहे आणि पाठीवर जो माणूस आहे त्याची तिला अजून ओळख नाही.

आमच्या भागातून दरवर्षी धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारी बिऱ्हाडं, जातात. त्यांच्या भीमथडी, म्हणजे भीमेकाठच्या देशी, घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड लादलेलं असतं, वर कोंबड्या, कोकरं, कधी एखादं पोर. बाजूनं ट्रक जातो आणि घोडी कान हलवून चालत राहते. तिच्या मागे मोकळं शिंगरू असतं, त्याला ना मोहरकी (तोंडाला बांधायचा दोरीचा साज) ना दोर. ट्रक आला की शिंगरू आईच्या पोटाला चिकटतं, तिच्याकडे बघतं, ती थांबत नाही म्हणून तेही चालतं. या घोड्यांना कुणी धीटपणा वेगळा शिकवत नाही. रोजचं चालणं आणि बरोबर एक न घाबरणारं मोठं जनावर, एवढ्यावर ते तयार होतात. माऊलींच्या सोहळ्यातले अश्वही बघा. रिंगणात चहूबाजूंनी माणसांची भिंत, टाळ-मृदंगाचा गजर, आणि ते मधून धावतात. अंकलीच्या शितोळे सरकारांचे हे अश्व दरवर्षी अंकलीहून आळंदीला पायी येतात आणि तिथून पालखीबरोबर पंढरपूरला जातात. रिंगणाच्या आधी त्यांच्या पायाखालून केवढा रस्ता गेलेला असतो, याचा विचार करा.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की आठवड्यातून एकदा तीन तासांची मोठी रपेट काढण्यापेक्षा चार-पाच दिवस अर्ध्या तासाची काढा. पहिले काही आठवडे फक्त चाल. दुडकी नाही, दौड तर नाहीच. आणि घोडी अजून ताजी असताना, तिचं चित्त ठिकाणावर असताना घरी परता. दमेपर्यंत फिरवून शांत केलेली घोडी दमलेली असते, शिकलेली नसते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तशीच.

त्याआधी खुराक बघा. आपल्याकडे नवी घोडी आली की हौसेनं भिजवलेला हरभरा, बाजरी, गूळ चालू होतं आणि ती दिवसभर खुंट्याला उभी. मग गेटाबाहेर जी उसळते ती भीती अर्धी आणि अंगातली रग अर्धी. काम वाढेपर्यंत दाणा कमी करा, कडबा आणि गवत वाढवा, आणि रोज काही तास मोकळी सोडा. बाहेर काढायच्या आधी तिनं स्वतःहून चार उड्या मारून घेतलेल्या बऱ्या.

वजनाचंही बघा. चार वर्षांच्या घोड्याच्या पायांची हाडं बहुतेक पक्की झालेली असतात, पण पाठीच्या मणक्यांची वाढ साडेपाच वर्षांपर्यंत चालू राहते. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपुढे जाऊ नये असा सर्वसाधारण नियम आहे. तुमची घोडी ३५० किलोची धरली तर सगळं मिळून ७० किलो. तुम्ही स्वतःच ८० किलोचे असाल तर घरातलं कुणीतरी हलकं आणि पक्क्या मांडीचं बसू द्या, तुम्ही बाजूनं चाला. पाठ दुखणारी घोडीही बुजते आणि लोकांना वाटतं ती भित्री आहे.

सुरुवात पायी करा. मोहरकी, लांब दोर, डोक्यावर हेल्मेट, पायात बंद बूट. दोर हाताला कधीच गुंडाळू नका, घडी करून धरा. ती ज्या वस्तूला भिते त्या वस्तूच्या आणि तिच्या मधे तुम्ही चाला. घोडा भीतीपासून दूर उडी मारतो, म्हणजे तुम्ही त्या बाजूला असलात तर ती तुमच्या अंगावर येत नाही. रोज एकच वाट धरा. ओळखीच्या वाटेवर नवीन गोष्ट एखादीच असते, तेवढी तिला पेलते. मग तीच वाट उलट बाजूनं घ्या. जाताना एका बाजूनं बघितलेला पंपाचा पत्रा येताना दुसऱ्या बाजूनं वेगळा दिसतो आणि तो तिच्या लेखी जवळजवळ नवाच असू शकतो. पुष्कळ लोक इथं चिडतात, ‘आत्ता तर इथून गेलो’ म्हणतात. ती नाटक करत नसते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा जुळवून घ्यायलाही त्याला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून रेल्वेच्या बोगद्यापाशी किंवा कॅनॉलच्या मोरीखाली ती अडते, तेव्हा तोंडाशी उभं राहून तिला आत बघू द्या.

आता बरोबरचा घोडा. ही एक गोष्ट कशीही करून मिळवा. शेजारच्या गावातलं लग्नाच्या वरातीचं वयस्कर घोडं चालेल, एखादं भीमथडी तट्टू चालेल. दिसायला कसंही असो, रस्त्यावर निवांत हवं. आधी तुमची घोडी त्याच्या मागे चालवा, मधे एका घोड्याची जागा सोडून, म्हणजे लाथ लागत नाही. मग बरोबरीनं. मग ओळखीच्या वाटेवर थोडा वेळ पुढे, आणि ती कचरली की म्हातारा पुन्हा पुढे. पुढे चालणं हे तिच्यासाठी सगळ्यात अवघड काम आहे, ते एकदम मागू नका.

माझ्याकडच्या एका चार वर्षांच्या घोड्याचं सांगतो. वाटेत टोमॅटोचा प्लॉट, मल्चिंग पेपरचं एक टोक मातीतून सुटलेलं, वाऱ्यानं फडफड करत होतं. चंदेरी बाजू ऊन मारत होती. घोडा जागच्या जागी थिजला. मान खांबासारखी ताठ, नाकपुड्या फुगलेल्या, डोळ्याचं पांढरं दिसतंय, आणि माझ्या पोटरीखाली त्याचं काळीज धडधडताना मला कळत होतं. म्हातारी घोडी आमच्यापुढे होती, ती थांबून बांधावरचं गवत खायला लागली. मी लगाम सैल सोडला, टाच लावली नाही, त्याला वळूही दिलं नाही. तोंड कागदाकडे, पाय जिथं आहेत तिथं, एवढंच मागितलं. तो मोठ्यानं फुरफुरला. काही वेळानं एक कान म्हातारीकडे वळला, मग माझ्याकडे. मग मान हळूहळू खाली आली, त्यानं एक लांब श्वास सोडला आणि जीभ बाहेर काढून ओठ चाटले. तेव्हा मी पोटऱ्या हलक्या आवळल्या, त्यानं एक पाऊल टाकलं, मी लगेच पोटऱ्या ढिल्या केल्या आणि तिथूनच त्याला बाजूनं पुढे काढला. कागदाला नाक लावायला लावलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःहून नाक नेलं.

मान खाली येणं, श्वास सोडणं आणि ओठ चाटणं, या तिन्हींची वाट बघायला शिका. घोडीची भीती पूर्ण जाईल अशी अपेक्षा धरू नका, ती जाणार नाही आणि जायला नकोही. भ्याल्यावर पळायच्या आधी थांबून बघायची सवय तिला लागली की रपेट सुरक्षित होते, आणि ही सवय अशा छोट्या थांब्यांतूनच लागते. म्हणून ती थांबली की लोक लगेच टाच मारतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. तिनं योग्य तेच केलेलं असतं आणि नेमका त्याचाच मार तिला बसतो.

थांबता येत नसेल, पाय नाचतच असतील, तर तुम्ही त्या वस्तूच्या फार जवळ गेला आहात. दहा-वीस पावलं मागे या, जिथं तिला उभं राहता येतं तिथं उभं राहा, तिथून बघू द्या. मात्र घराकडे तोंड करू नका, नाहीतर बुजलं की घरी जायला मिळतं हे ती दोन दिवसांत शिकेल. आणि तुम्हाला स्वतःला भीती वाटली तर उतरा, हातात धरून ती जागा पार करा, पुढे जाऊन पुन्हा बसा. उतरण्यात काही कमीपणा नाही. तुमचे आवळलेले गुडघे आणि रोखलेला श्वास तिला खोगिरातून कळतो.

पाण्याला वेळ द्या. डबक्याची खोली घोड्याला वरून कळत नाही. घोट्याएवढं पाणी असलेला, तळ टणक असलेला ओढा शोधा, म्हाताऱ्या घोड्याला आत उभं करा आणि तुम्ही काठावर वाट बघा. पहिल्यांदा बहुतेक घोडे चालत जात नाहीत, उडी मारतात, तेव्हा आयाळ धरून ठेवा म्हणजे तोंडाला झटका बसणार नाही. ओल्या काळ्या रानात पाय फसतो, तिथं तरुण घोडा घालू नका, मुरुमाची वाट धरा. डांबरावर नाल घसरतात, तिथं चालच.

गाळप हंगामात दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर, त्यावर ढणाणा गाणी, हे आमच्याकडचं सगळ्यात कठीण प्रकरण. त्याची सवय रस्त्यावर लावू नका. रस्त्यापासून शंभरेक मीटर आत, मोकळ्या रानात दोघे घोडे चरायला लावा आणि ट्रॅक्टर जाऊ द्या. रोज थोडं जवळ. ती खात राहिली तर उद्या जवळ या, खाणं सोडून मान वर काढून उभी राहिली तर आहात तिथंच राहा. रस्त्यावर निघाल तेव्हा ड्रायव्हरला लांबून हात करा. आमच्याकडचे बहुतेक ड्रायव्हर गाणं बंद करतात, गाडी हळू करतात. त्यांना हात जोडून पुढे जा. सुरुवातीला वाऱ्याच्या दुपारी आणि दिवाळीच्या फटाक्यांच्या दिवसांत बाहेर नेऊ नका. पहाटे उजाडल्यावरची वेळ सगळ्यात चांगली, ऊन नसतं आणि रस्ताही रिकामा असतो.

एकटी कधी न्यायची? म्हाताऱ्या घोड्यापुढे ती सगळी वाट आपणहून चालायला लागली की. आधी फाट्यावर वेगळे व्हा आणि दोन शेतं ओलांडून पुन्हा भेटा, सोबती गेला तरी परत येतो हे तिला कळू द्या. मग सर्वात ओळखीची, सर्वात छोटी वाट एकटीनं. किती महिने लागतील असं विचारलंय. काही घोडे एका हंगामात तयार होतात, काहींना दुसरा पावसाळा बघावा लागतो, आणि मधे एखाद्या आठवड्यात सगळं विसरल्यासारखं वागतात. तेव्हा मागच्या, सोप्या वाटेवर परत या.

हे सगळं सुरू करायच्या आधी पशुवैद्याला बोलवा. यात्रेतून आणलेली आहे म्हणजे ग्लँडर्सची (घोड्यांचा जीवघेणा संसर्गजन्य रोग) रक्ततपासणी झाली आहे का ते कागद बघा, धनुर्वाताची लस द्या, दात आणि पाठ तपासून घ्या. डोळे तर नक्कीच तपासा. ती एकाच बाजूच्या गोष्टींना जास्त बुजत असेल तर त्या डोळ्यात दोष असू शकतो. तसं निघालं तर मला इथेच कळवा, मग वाट, सोबतीची बाजू आणि चालवण्याची पद्धत तिच्यापुरती वेगळी ठरवावी लागेल.