अर्जावर पोच घेतलीत का?

तुम्ही लिहिलंय की तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, मे महिन्यात कच्च्या (खटला अजून चालू असलेल्या) कैद्यांच्या कामात इंटर्नशिप करायची आहे, मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दिलाय आणि तिथले लोक "या" म्हणालेत. ते "या म्हणालेत" वाचलं आणि राहवलं नाही.

मलाही असंच तोंडी "२ मेला या" सांगितलं होतं. कुठल्या कार्यालयात ते लिहीत नाही. अर्ज मी टेबलावर दिला, बाबूंनी तो पेपरवेटखाली सरकवला आणि मी समाधानाने परतले. दुसरी प्रत नेली नव्हती. शिक्का नाही, आवक क्रमांक नाही. २ मेला बॅग घेऊन हजर झाले तर साहेब रजेवर आणि आवक रजिस्टरात माझ्या अर्जाची नोंदच नाही. "नवीन अर्ज द्या." दिला. तोवर कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागली. सही जूनमध्ये झाली, तेव्हा कॉलेज सुरू व्हायला आलं होतं. खोलीच्या भाड्यासाठी आईने भिशी उचलली होती. ते पैसे गेले, आणि सर्टिफिकेट नाही म्हणून कॉलेजने ते चार आठवडे धरले नाहीत. आजही त्या बाकड्यावर घालवलेल्या दिवसांचा राग येतो.

म्हणून आजच जा. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. होकार लेखी मागा, ईमेलवर आला तरी चालेल. तारखा चार आठवड्यांच्याच टाका. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या कायदा-शिक्षणाच्या २००८ च्या नियमांत सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त इंटर्नशिप धरत नाहीत; तीन वर्षांच्या कोर्सला एकूण १२ आठवडे लागतात. (तुमच्या विद्यापीठाचं वेगळं परिपत्रक असेल तर ते आधी बघा.) तुरुंगात जायची परवानगी वेगळी लागते, तिचं पत्र एप्रिलमध्येच मागा.

कोर्टाला सुट्टी असेल, मग शिकायला काय मिळणार, असं कोणी म्हणेल. माझं मत उलटं आहे. रिमांड आणि जामिनाचं काम सुट्टीतही चालतं, आणि कच्च्या कैद्यांचं खरं काम कोर्टाबाहेरच असतं. त्याच्या पुढच्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यात मला एक कच्चा कैदी भेटला. जामीन मंजूर होऊन दोन महिने झालेले, तरी आतच. गावाकडून जामीनदार यायला तयार होता, पण ऐपतीचा दाखला कुठून काढायचा हे कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. मी त्या जामीनदारासोबत तहसील कार्यालयात तीन चकरा मारल्या. आता तर सर्वोच्च न्यायालयाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश आहेत: जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट आपणहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. तिथे गेलात की आधी जामीन मिळूनही आत असलेल्यांची यादी मागा. नवीन संहितेचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ४७९ पाठ करून जा. आधी कधीच दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद त्यात आहे, पण जन्मठेप-फाशीच्या गुन्ह्यांना ती लागू नाही.

इंग्रजी कच्चं असल्याची काळजी इथे करू नका. बरेच कैदी मराठीतच बोलतात.

अर्ज कोणत्या तारखेला, कोणाच्या हातात दिलात ते सांगा. स्मरणपत्राचा मसुदा मी करून देते.