पाण्यात काय टाकू? आधी भांडं विटेवर ठेवा

तुम्ही लिहिलंय: सहा कोंबड्या, जमिनीवर ठेवलेलं उघडं घमेलं, सकाळी भरलेलं पाणी दहाच्या आत गढूळ आणि कडेला हिरवं शेवाळ. आणि प्रश्न असा, की पाण्यात व्हिनेगर टाकू की क्लोरीन? माझं उत्तर: आठवडाभर काहीही टाकू नका.

त्याऐवजी एकदा अर्धा तास स्टूल टाकून कोंबड्यांसमोर बसा. पाणी नेमकं कशानं घाण होतंय ते तुम्हालाच दिसेल. कोंबडी उकरणारा प्राणी आहे. ती भांड्याकडे पाठ करून उकरते आणि माती, तूस, शिट सगळं थेट घमेल्यात जातं. काठावर चढून बसायलाही तिला आवडतं, मग वरून शिट पडते. आणि तिसरं म्हणजे, खाद्य खाऊन ती तशीच पाण्यावर येते. तिला पाणी ओढून पिता येत नाही, चोच बुडवायची आणि मान वर करून घोट खाली सोडायचा. प्रत्येक वेळी चोचीला चिकटलेला भरडा थोडा थोडा पाण्यात उतरतो.

पहिल्या दोन गोष्टी भांड्याच्या जागेनं सुटतात. काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला येईल इतक्या विटा खाली रचा. मान किंचित वर करून प्यायला लागली की उकरलेलं फारसं आत येत नाही. घमेल्याऐवजी उलट्या डब्याचं, खाली अरुंद पन्हळ असलेलं भांडं घ्या, म्हणजे आत उभं राहायला जागाच नाही. डबा मात्र अगदी सपाट जागी ठेवा. जरासा कलला तरी रात्रीत सगळं पाणी वाहून जातं. सुरुवातीला दोन दिवस मी भांड्याला भोक शोधत होतो, भोक नव्हतंच, वीट तिरकी होती. बसायच्या दांडीखाली भांडं कधीच नको. शेवाळासाठी तर कसलंच औषध नको: अपारदर्शक भांडं आणि सावली. उजेड तोडला की शेवाळ वाढत नाही. भांडं छपराखाली असलं की चिमण्या-कावळेही कमी येतात. रानपाखरांच्या शिटेतून येणारे रोग, बर्ड फ्लूसुद्धा, उघड्या पाण्यातून कोंबड्यांपर्यंत पोचू शकतात.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही विचारलंच नाही, आणि माझ्या मते जी पाण्याच्या गढूळपणापेक्षा मोठी आहे: भांड्याभोवतीची ओली जमीन. रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, ओलीवर वाढते. आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेली तिची बीजं लगेच रोग करू शकत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ती तयार होतात, आणि मग चोचीतून पोटात. या बीजांना ब्लीचनं, म्हणजे क्लोरीनच्या द्रावणानं, फारसं काही होत नाही, पण कोरडेपणा त्यांना सोसत नाही. तेव्हा भांड्याखाली अंथरलेली तुसाची गादी रोज मुठीत दाबून बघा. गोळा झाला तर तेवढी काढून टाका आणि कोरडी पसरा. मी तर भांड्याखाली जाळी ठोकलेली लाकडी चौकट ठेवतो. सांडलेलं पाणी खाली जातं आणि कोंबड्यांचे पाय वरच राहतात. नव्या पिल्लांच्या बाबतीत हे आणखी कडकपणे पाळा, कारण प्रतिकारशक्ती यायच्या आत त्यांनाच हा रोग गाठतो.

तिसरी घाण, चोचीतला भरडा, थांबवता येत नाही. ती घासावीच लागते. रिकाम्या भांड्याच्या आत बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर तो जिवाणूंचा थर आहे. नुसतं विसळून तो निघत नाही, आणि त्याच्यावर ताजं पाणी ओतलं की तासाभरात तेही तसंच. म्हणून पाणी रोज बदला आणि बदलताना दरवेळी घासणी फिरवा, पन्हळीच्या कोपऱ्यात जुना टूथब्रश. आठवड्यातून एकदा घासून झाल्यावर एक भाग साधं घरगुती ब्लीच आणि दहा भाग पाणी असं दहा मिनिटं भरून ठेवा, वास जाईपर्यंत धुवा आणि उन्हात खडखडीत वाळवा. क्रम चुकवू नका. घाणीवरच ब्लीच ओतलं तर त्याची ताकद घाणीतच खर्च होते. दोन भांडी आलटून पालटून वापरली तर एक वाळत राहतं.

व्हिनेगरबद्दल लोक फार भक्तिभावानं बोलतात. चार लिटरला एक मोठा चमचा, साधारण १५ मिली, एवढ्यानं धडधाकट कोंबडीचं काही बिघडत नाही, पण घाण पाणी त्यानं शुद्धही होत नाही. भांड्यावरचा क्षारांचा पांढरा थर काढायला मात्र ते उत्तम. दोन गोष्टी कटाक्षानं पाळा: जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत व्हिनेगर नको, आम्लानं जस्त पाण्यात उतरतं आणि ते कोंबडीला विषारी आहे. आणि व्हिनेगर व ब्लीच एकत्र कधीच नको, त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो तुम्हालाच घातक.

निपल, म्हणजे टाकीला खालून बसवायची, चोचीनं टोचलं की थेंब सोडणारी छोटी तोटी, लावू का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. लावा, पाणी सर्वात स्वच्छ त्यातच राहतं. सहा कोंबड्यांना दोन निपल पुरतील, पण तीन लावा. आणि जुनं भांडं एकदम उचलू नका. सगळ्या शिकल्या याची खात्री होईपर्यंत काही दिवस दोन्ही ठेवा. माझी चूक ऐका. टाकी भरलेली दिसायची, म्हणून मी निश्चिंत होतो. अंडी कमी झाली, मी खाद्याला दोष दिला. चौथ्या दिवशी लक्षात आलं की टाकी भरलेली दिसते कारण पाणी खाली उतरतच नाहीये. निपल क्षारांनी चोंदले होते. तेव्हापासून रोज सकाळी प्रत्येक निपलला बोट लावून थेंब येतो का बघतो.

अंडी लगेच घटतात याचं कारण सरळ आहे: अंड्याच्या आतल्या भागात जवळपास तीन चतुर्थांश पाणीच असतं. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पिते, कडक उन्हाळ्यात दुप्पट. म्हणजे तुमच्या सहा जणींना एरवी दीड लिटर, उन्हात तीन. चार दिवस पुरेल असं मोठं भांडं घेऊन चार दिवस बघायचंच नाही, हा मोह टाळा. त्यापेक्षा दोन लहान भांडी लांब लांब ठेवा. कळपात एखादी दांडगी असतेच, ती एका भांड्यावर राखण करते आणि गरीब कोंबडी तहानलेली राहते.

कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते आणि त्यात पाणी जातं. पण तापलेलं पाणी ती टाळते, तेही नेमकं गरज असते तेव्हा. दुपारी एकदा पाणी बदला किंवा गोठवलेली पाण्याची बाटली भांड्यात सोडा. क्षार-साखरेचं पाणी दिलं तर उरलेलं संध्याकाळी ओता, साखरेवर जिवाणू जोमानं वाढतात.

पिल्लं घेणार असाल तर उथळ भांड्यात धुतलेले खडे घाला. बोटभर पाण्यातही पिल्लू बुडून मरतं.

आवारातली डबकी, कुंड्यांच्या ताटल्या, फुटके टब हेही उपडे करा. तुम्ही कितीही स्वच्छ पाणी दिलंत तरी कोंबडी डबक्यातलं पिणारच, त्याला इलाज नाही. शिवाय साचलेल्या पाण्यात डास होतात आणि कोंबड्यांचा देवी रोग डासांमार्फत पसरतो.

घमेलं मात्र फेकू नका. उन्हाळ्यात सावलीत दोन बोटं पाणी भरून ठेवलंत तर कोंबड्या त्यात पाय बुडवून उभ्या राहतात. त्यातलं पितीलही, तेव्हा ते दोनदा ओतून भरायची तयारी ठेवा.